शर्टाचा व्हिसा

नोकरीतली वीस वर्षं मी शर्ट टाइप केले. अमेरिकेला जाणारे डझनात, युरोपला जाणारे नगात. करारांतली मापंच तशी होती. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्यात गेला की आमचे सेक्शन ऑफिसर चष्म्यावरून नुसतं बघायचे, तेवढं पुरायचं. कॅटेगरी ३४० म्हणजे पुरुषांचे सुती शर्ट, ३४१ म्हणजे बायकांचे, ३४७ आणि ३४८ म्हणजे पँटी. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी हे आकडे तोंडपाठ आहेत. मुलीचा मोबाइल नंबर विचाराल तर फोन उघडावा लागतो.

मी लालबागची. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं गेटाबाहेर आली आणि आमच्या घरचा पगार त्या दिवशी थांबला तो थांबलाच. १९८४ मध्ये स्टाफ सिलेक्शनची परीक्षा देऊन मी दिल्लीत, उद्योग भवनात, लोअर डिव्हिजन क्लार्क म्हणून लागले. लग्न झालं, सरोजिनी नगरात क्वार्टर मिळालं. ज्या धंद्यात बापाचं घर बसलं त्याच धंद्याच्या फायलींवर माझं घर चाललं. याची गंमत वाटायला मला बरीच वर्षं लागली.

हे सगळं उकरून काढायला कारण माझा पुण्याचा भाचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा घरच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं की ती जागतिक व्यापार संघटना, ते युनो, जिनिव्हातलं ते सगळं भंगारात काढा, कुणाच्या काही उपयोगाचं नाही. खाली पटापट अंगठे पडले. मी उत्तर लिहायला घेतलं तर तो म्हणाला, "मावशी, थोडक्यात सांग हं." थोडक्यात जमलं नाही.

आधी कोटा म्हणजे काय ते सांगते. १ जानेवारी १९७४ पासून गॅट या जुन्या व्यापार कराराच्या छत्राखाली मल्टी-फायबर अरेंजमेंट नावाचा करार लागू झाला. त्याआधी १९६१ पासून असेच करार होते, पण ते फक्त सुती मालापुरते. श्रीमंत देशांतल्या गिरण्या आपल्यासारख्यांच्या स्वस्त मालापुढं टिकेनात, म्हणून कोणत्या देशानं कोणता कपडा वर्षाला किती पाठवायचा याला मर्यादा घातली. सगळ्या सभासदांना सारखं वागवायचं, हे गॅटचं मूळ तत्त्व. कपड्यांच्या बाबतीत ते तत्त्व तीस वर्षं खुंटीला टांगून ठेवलेलं होतं.

शर्टाला व्हिसा लागायचा, असं सांगितलं की आजची पोरं हसतात. पण खरोखरच लागायचा. बिलावर निळ्या शाईचा गोल शिक्का, त्यात नंबर, तारीख, कॅटेगरी आणि डझन. शिक्का नसेल तर माल तिकडच्या बंदरात अडकायचा. वर्षाचा कोटा भरला असेल तर डिसेंबरात पोचलेली खोकी जानेवारी उजाडायची वाट बघत गोदामात पडून राहायची. आमच्याकडे अमेरिकेच्या व्हिसासाठी माणसं चाणक्यपुरीत रांग लावायची आणि शर्ट भिकाजी कामा प्लेसला. तिथल्या एनबीसीसी टॉवरमध्ये ॲपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलचं ऑफिस होतं. १९७८ मध्ये स्थापन झालेली ही परिषद तयार कपड्यांचा कोटा निर्यातदारांना वाटायची. ज्यानं आदल्या वर्षांत जास्त पाठवलं त्याला जास्त मिळायचा. आणि कोटा विकताही यायचा, त्यामुळं मशीनला हात न लावता नुसत्या कोट्यावर पैसे करणारे शेठही मी पाहिले. माझ्या क्वार्टरपासून ते ऑफिस पायी जाण्याइतकं जवळ. (ज्या बाईचं नाव भिकाजी कामा प्लेसला आहे तिनं १९०७ मध्ये स्टुटगार्टला, जगभरच्या समाजवाद्यांच्या परिषदेत, हिंदुस्थानचा झेंडा फडकवला होता. आणि आमच्या सरोजिनीबाईंनी १९४७ मध्ये पुराना किल्ल्यात आशियाई परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं. दिल्लीत पत्ता विचारला तरी इतिहासाचा तास होतो.)

आता सरोजिनीचा बाजार. ऑर्डर शंभर डझनांची असली तरी कटिंग मास्टर मोजून तेवढेच कापत नाही. काही नग डागाचे निघणार, काहींची शिवण वाकडी जाणार, हे धरून तो जास्तीचे कापतो. ते सगळे चांगले निघाले तर? जास्तीचे पाठवता येत नाहीत, कारण ऑर्डर तेवढीच आणि व्हिसाही तेवढ्याच डझनांचा. मग ओखल्याच्या, नोएडाच्या, गुडगावच्या कारखान्यांतून हे उरलेले आणि रिजेक्ट झालेले नग गठ्ठ्यांत बांधून सरोजिनीच्या पटरीवर यायचे. ब्रँडचं लेबल अर्धं कापलेलं. 'एक्सपोर्ट का माल' ही आरोळी अशी जन्माला आली. जिनिव्हात आखलेल्या रेघेच्या अलीकडं जे पडलं ते बाबू मार्केटच्या कोपऱ्यावर ढिगात दिसायचं. मी दिवसा ३४१ टाइप करायची आणि संध्याकाळी, घासाघीस करून, ३४१ विकत घ्यायची.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि कोटा दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायचं ठरलं. आधी १६ टक्के माल मोकळा, मग १७, मग १८. उरलेला ४९ टक्के अगदी शेवटच्या दिवशी, १ जानेवारी २००५ ला. शिवाय सुरुवातीला जे मोकळं केलं त्यातल्या बहुतेक मालावर मुळात कोटा नव्हताच. ही चलाखी आमच्या सेक्शनमधल्या चहावाल्यालाही कळत होती. तरी मी म्हणेन की ते वेळापत्रक लिहिलेलं होतं, त्याखाली सह्या होत्या, आणि अखेर ते पाळलं गेलं.

त्याच काळातली एक गोष्ट भाच्याला मुद्दाम सांगितली. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेनं भारताच्या लोकरी शर्ट-ब्लाउजवर, कॅटेगरी ४४० वर, नवा निर्बंध घातला. आपल्या निर्यातीत लोकरी शर्ट म्हणजे किरकोळ बाब. पण भारतानं व्यापार संघटनेकडं तक्रार नेली. नोव्हेंबर १९९६ मध्ये, निकाल यायच्या आधीच, अमेरिकेनं निर्बंध उठवला. जानेवारी १९९७ मध्ये पॅनेलचा निकाल आपल्या बाजूनं लागला. एप्रिलमध्ये अपील मंडळानं त्याच प्रकरणात सांगितलं की जो दावा करतो, पुरावा देणं त्याच्यावर. ऐकायला साधं वाटतं, पण जागतिक व्यापाराच्या तंट्यांत पुराव्याचा भार कुणावर, याचं उत्तर आजही या शर्ट-ब्लाउजच्या निकालातून देतात. ही बातमी आमच्या मजल्यावर आली त्या दिवशी कुणीतरी समोसे मागवले होते.

आता ते अपील मंडळच बंद आहे. एका अपिलाला तीन सदस्य लागतात. अमेरिकेनं वर्षानुवर्षं नव्या नेमणुका अडवल्या आणि ११ डिसेंबर २०१९ पासून तिथं एकच जण उरला. मग तीही जागा रिकामी झाली. खाली जिंकलात तरी हरलेला देश अपील करतो आणि ते ऐकायला कुणी नसतं, प्रकरण तिथंच लोंबकळतं. म्हणून भाच्याचं म्हणणं मला उलटं वाटतं. ५० टक्के शुल्क लागलं तेव्हा ही संस्था निरुपयोगी ठरली असं म्हणण्यात अर्थ नाही. तिचे दात त्याआधीच, दिवसाढवळ्या, उपटलेले होते. आणि दात उपटले तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी ती बातमी वाचली?

इथपर्यंत मी संस्थांची वकिली केली. आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त टोचते.

आमच्याकडं भांड्यांना येणारी बाई शेजारच्या पिलंजी गावात राहायची. माझ्याच वयाची, मूळची बिहारची. नव्वदच्या सुमाराला ती कधीमधी काखेत गठ्ठा घेऊन यायची, दुपारी काम आटपलं की जिन्यात बसून धागा कटिंग करायची. शिवलेल्या कपड्याला लोंबणारे दोरे छोट्या कात्रीनं काढायचे, मध्येच सुटलेलं बटण टाचायचं. ठेकेदार नगावर पैसे द्यायचा. एखाद्या नगाला कात्री लागली की त्याचे पैसे तिच्याकडून कापून घ्यायचा. एकदा मी एक शर्ट उचलून पाहिला. कापड, काट, कॉलर पाहूनच कळलं की हा ३४० आहे आणि अमेरिकेला चाललाय. म्हटलं, "ये तो बाहर जाएगा." ती म्हणाली, "हाँ भाभीजी, सब जाता है, हमीं नहीं जाते." आणि हसली. वाईट मलाच वाटलं, तिला नाही.

त्या शर्टाचा नंबर मला ठाऊक होता, वर्षाची मर्यादा ठाऊक होती, कुणाच्या वाट्याचा कोटा किती तेही मी टाइप केलं होतं. जगातले पन्नासेक देश मिळून ज्या शर्टाचा डझनाडझनानं हिशेब ठेवत होते, त्याचे दोरे कापणाऱ्या बाईला आमच्या कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

असं म्हणू नका की जिनिव्हात तिच्यासाठी काही नाही. आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं जून १९९६ मध्ये घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यामागं मोठा रेटा होता तो अहमदाबादच्या इला भट्ट आणि त्यांच्या 'सेवा' संघटनेचा. घरात बसून नगावर काम करणाऱ्याला कारखान्यातल्या कामगाराच्या बरोबरीनं वागवा, त्यांची मोजदाद करा, असं तो सांगतो. ज्या देशातल्या बायकांनी तो घडवून आणला त्या देशानं, म्हणजे आपण, त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आणि दिली नाही म्हणून आपल्याला कुणी दंडही करत नाही. शर्टाचा नियम मोडला तर समोरचा देश शुल्क लावून वसुली करतो. बाईचा मोडला तर एक अहवाल येतो.

त्याच वर्षी, डिसेंबर १९९६ मध्ये, सिंगापूरला व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली. श्रीमंत देशांना व्यापाराच्या नियमांत कामगारांच्या हक्कांचं कलम हवं होतं. भारतानं कडाडून विरोध केला आणि ठरलं की कामगारांचा विषय कामगार संघटनेकडंच राहील. आमच्या ऑफिसात हा मोठा विजय मानला गेला आणि मलाही तो तसाच वाटला. कोटा चालवणाऱ्यांच्या तोंडी मजुरांची कणव शोभत नाही, असं आम्ही म्हणायचो, आणि ते खरंच होतं. पण आज मला वाटतं की समोरच्याचा हेतू खोटा होता हे सिद्ध करून आम्ही घरी गेलो आणि मूळ प्रश्न पिलंजीच्या जिन्यातच राहिला. आता २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी केलेल्या व्यापार करारात आपण कामगारांवर एक प्रकरण आणि स्त्रियांवर एक प्रकरण घातलंच आहे. जे सगळ्यांबरोबर एका टेबलावर बसून, आपल्या अटींवर लिहिता आलं असतं, ते आता एकेका गिऱ्हाइकाच्या अटीवर लिहितोय.

टेबलावर बसणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला तरी सांगायला नको. रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनला, कामगार संघटनेच्या पहिल्याच परिषदेत, हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते. तिथं जगासाठी आठवड्याला ४८ तास ठरले आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठी ६०. चीड यावी असाच भेदभाव. पण तेही आधीपेक्षा कमी होते, आणि १९२२ मध्ये ते साठ तास कारखाना कायद्यात उतरले. लालबाग-परळच्या चाळींतल्या माणसांना त्याचा फायदा मिळाला. त्याच रायगडातल्या, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला होते. ४४ देशांची परिषद, आपला देश अजून पारतंत्र्यात. तरी आपल्या शिष्टमंडळानं लावून धरलं की नाणेनिधीच्या उद्देशांत मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा उल्लेख हवा. शेवटी 'सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास' एवढे मोघम शब्द आत गेले. ब्रिटनकडं अडकलेल्या आपल्या पैशांचा प्रश्न मात्र तिथं कुणी हातात घेतला नाही. सगळं मिळालं नाही, पण पुढं बोट ठेवायला चार शब्द मिळाले.

अशा शब्दांचं काय होतं, ते मी अगदी जवळून पाहिलं. १९८८ मध्ये, कपड्यांचा कोटा वाटणाऱ्या त्याच निर्यात परिषदेत, अध्यक्षांच्या खासगी सचिवावर एका तरुण कर्मचारी मुलीनं छळाची तक्रार केली. चौकशी होऊन त्याला काढलं. उच्च न्यायालयानं म्हटलं की त्यानं प्रयत्न केला, प्रत्यक्ष काही केलं नाही, आणि त्याला परत घ्यायला लावलं. २० जानेवारी १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. त्या निकालात स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार आहे. हा करार युनोच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेखालच्या स्त्री आयोगात घडला आणि भारतानं १९९३ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याआधी १९९७ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या विशाखा निकालात, तोच करार वापरला गेला होता, आणि २०१३ मध्ये त्यावर कायदा झाला. म्हणजे ज्या परिषदेतून शर्टांना शिक्के मिळायचे, तिथल्याच एका मुलीनं तोंड उघडलं आणि न्यूयॉर्कच्या एका कागदाला आपल्या ऑफिसात जीव आला. आमच्या ऑफिसात तो निकाल बायकांनी झेरॉक्स काढून वाटला. मी माझी प्रत बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवली होती. ड्रॉवर उघडताना वर दिसेल अशी.

म्हणून दात नसलेल्या कराराला मी हसत नाही. १७७ ला मान्यता द्यायला काय अडचण आहे, हे सरकारनं एकदा सांगावं. मोजता येत नाही, असं तर म्हणूच नये. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून अधिक माणसांची नोंद याच देशानं केली. ज्या निर्यातदाराला एकेका डझनाचा हिशेब वीस-तीस वर्षं देता आला, त्याला कुठल्या वस्तीत किती घरांत आपला माल जातो हे लिहून देणं जड नाही. आणि अपील मंडळाच्या नेमणुकांसाठी दिल्लीनं आणखी आवाज चढवावा. आपली शक्ती वॉशिंग्टनशी एकट्यानं सौदा करण्याची नाही, हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिरुपूरला, लुधियानाला आणि नोएडाला कळलं.

२००५ हे वर्ष सरोजिनीत कुणी कोटा संपल्याचं म्हणून लक्षात ठेवत नाही. २९ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, बाजारात स्फोट झाला. त्या संध्याकाळी मी घरी होते. त्याबद्दल एवढंच.

आमची क्वार्टरं आता पाडली आहेत, उंच इमारती उभ्या राहताहेत. शेजारच्या नौरोजी नगरातल्या क्वार्टरांच्या जागी वर्ल्ड ट्रेड सेंटर आलंय. हिंदुस्थानची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते याचा हिशेब ज्या दादाभाईंनी मांडला, त्यांच्या नावाच्या वसाहतीत. मी नोएडाला राहते, पण महिन्यातून एकदा मेट्रोनं सरोजिनीला येतेच.

मागच्या खेपेला एक पोरगा पटरीवर बसून नव्याकोऱ्या शर्टांची लेबलं ब्लेडनं कापत होता. माल गांधीनगरचा, म्हणजे इथलाच, दिल्लीकरांसाठी शिवलेला. मी विचारलं, "भैया, ये तो यहीं का है, लेबल क्यों काट रहे हो?" मान वर न करता तो म्हणाला, "आंटीजी, कटा नहीं होगा तो एक्सपोर्ट का कौन मानेगा?"

दोनशेला सांगितलेला एक शर्ट दीडशेला घेतला. घरी येऊन उलटा करून पाहिला तर तिसऱ्या बटणाखाली दोरा लोंबत होता. कात्री शोधायला उठले.